सेफ्टी पिनांची मोटार

मे महिन्यातली दुपार. इस्लामपुरात या दिवसांत एक ते चार रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. (गावाचे नाव बदलून ईश्वरपूर करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. पण पाकिटावर चाळीस वर्षे जो पत्ता लिहिला, तो हातातून एवढ्यात जायचा नाही.) पुण्याहून सुटीला आलेला माझा नऊ वर्षांचा नातू कॉटवर पालथा पडून मोबाइलमध्ये डोके घालून होता. तासभर मी ते पाहत होतो. आता उठावे, मोबाइल काढून घ्यावा आणि चार शब्द सुनवावेत, असे मनात येते न येते तोच तो आपण होऊन उठला, मोबाइल उशीखाली सरकवला आणि स्वयंपाकघराकडे पळाला.

"आजी, दोन सेफ्टी पिना दे ना. मोठ्या दे."

"कशाला रे बाबा?"

"मोटार करायची आहे."

आजीने बांगडीला अडकवलेल्या दोन पिना काढून दिल्या. मग तो माझ्याकडे वळला. "आबा, टॉर्चमधला सेल काढू? आणि सायकलची जुनी ट्यूब कुठे मिळेल? आणि तांब्याची तार?"

मोबाइल बघणारे पोर मोबाइल टाकून सायकलची फाटकी ट्यूब मागते, ही गोष्ट मला नवी होती. मी उशीखालचा मोबाइल काढून बघितला. जेमतेम दीड-दोन मिनिटांची चित्रफीत. दोन हात, एक सेल, एक चुंबक, दोन पिना, तारेचे एक वेटोळे. खाली नाव होते, अरविंद गुप्ता.

हे नाव बहुतेक वाचकांच्या कानावर असेल. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर लिहूनही आले होते. मीही ते वाचले असणार आणि पान उलटले असणार. त्या दुपारी मात्र नातू ट्यूब शोधायला परसात गेला आणि मी एकामागून एक फिती बघत बसलो. संध्याकाळपर्यंत पंचवीस-तीस तरी झाल्या. मग या माणसाचे आयुष्य काय आहे, म्हणून शोधायला लागलो.

गुप्ता मूळचे उत्तर प्रदेशातल्या बरेलीचे, जन्म १९५३चा. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ मध्ये ते विजेचे इंजिनिअर झाले. तिथे शिकत असतानाच मेसमध्ये काम करणाऱ्या कामगारांच्या मुलांना ते शिकवत. त्याच काळात अनिल सद्गोपाल यांचे एक भाषण त्यांनी ऐकले. सद्गोपाल हे अमेरिकेत शिकून आलेले शास्त्रज्ञ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आताचे नर्मदापुरम) खेड्यातल्या मुलांसाठी काम करत होते. १९७२ मध्ये तिथल्या १६ शाळांत एक प्रयोग सुरू झाला. विज्ञान पाठ करायचे नाही, हाताने करून बघायचे, असा तो प्रयोग. पुढे तो होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम म्हणून ओळखला गेला.

गुप्ता पुण्याला टेल्कोत लागले. ट्रक बनवणारा कारखाना, चांगला पगार, सुरक्षित नोकरी. त्या काळी अशा नोकरीतला जावई मिळावा म्हणून आमच्याकडे लोक देव पाण्यात घालून बसत. पण आपला जन्म ट्रक बनवण्यासाठी झालेला नाही, असे त्यांना वाटू लागले. १९७८ मध्ये त्यांनी वर्षाची रजा घेतली आणि होशंगाबाद गाठले.

खेड्यातल्या शाळांत प्रयोगशाळा नव्हती आणि काचेच्या नळ्या आणायला पैसेही नव्हते. मग गुप्तांनी आठवडी बाजार पालथा घातला. तिथे त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी सापडली. आपल्याकडे सायकल दुरुस्तीवाले तिला वालट्यूब म्हणतात. ही नळी आणि काडेपेटीची काडी यांचे माप एकमेकांना असे जुळते, की नळीच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या खोचल्या की सांधा तयार होतो. एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी भूमिती उभी केली.

ही भूमिती मी स्वतः करून बघितली आहे, म्हणून सांगतो. तीन काड्या आणि नळीचे तीन तुकडे जोडले की त्रिकोण होतो. चार काड्यांचा चौकोन करा. आता दोन्ही दाबून बघा. चौकोन लगेच कलंडतो, तिरका होतो. त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. चौकोनात एक आडवी काडी घातली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही घट्ट होतो. आमच्या उसाच्या रानातून विजेचे जे उंच मनोरे गेले आहेत, त्यांत सगळीकडे तिरक्या पट्ट्या का, लोखंडी पुलाच्या कठड्यात त्रिकोणांची रांग का, हे मला वयाच्या पासष्टीनंतर सहा काड्यांनी सांगितले. भूमितीचा पेपर मी मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी सोडवला होता. मनोरे मात्र नुसतेच बघत आलो होतो.

काड्यांच्या या खेळांचे पुस्तक पुढे १२ भाषांत गेले आणि त्याच्या पाच लाखांवर प्रती खपल्या. गुप्तांनी टेल्कोची नोकरी कायमची सोडली. पुस्तके लिहिली आणि शंभराहून अधिक पुस्तके हिंदीत आणली. दूरदर्शनवर सव्वाशेच्या आसपास कार्यक्रम केले. गावोगावच्या शाळांतून पिशवीभर वस्तू घेऊन ते फिरले. ही सगळी हिंडण्या-फिरण्याची वर्षे. एका माणसाचे पाय किती गावांना पुरणार, हा प्रश्न मात्र राहिलाच.

त्याचे उत्तर पुण्यात मिळाले आणि त्यात आपल्या दोन मराठी माणसांचा हात आहे. एक जयंत नारळीकर. कोल्हापुरात जन्मलेला हा शास्त्रज्ञ २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेला. १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभी केली. शाळकरी मुलांनी सही मागितली की नारळीकर म्हणत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. आजच्या भाषेत याला दूरस्थ शिक्षण म्हणायला हरकत नाही. पंधरा पैशांच्या कार्डावर ते चालत असे. दुसरे आपले पु. ल. देशपांडे. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून आयुकाच्या आवारात मुलांसाठी विज्ञान केंद्राची इमारत झाली. तिचे नाव 'पुलस्त्य', सप्तर्षींतला एक तारा. नावात पुलं लपले आहेत, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच. केंद्राचे नाव 'मुक्तांगण विज्ञान शोधिका'.

२००३ ते २०१४ ही अकरा वर्षे गुप्ता इथे होते. शाळांतून मुले येत, कचऱ्यातून खेळणी करत. विदुला म्हैसकर आणि अशोक रुपनर हे त्यांचे सहकारी. या मंडळींनी एकेक खेळणे कॅमेऱ्यासमोर करून दाखवायला सुरुवात केली. बघणाऱ्याला दिसतात ते बहुतेक वेळा नुसते हात. गाणे-बजावणे नाही, चकचकीत मेज नाही. मिनिट-दोन मिनिटांत खेळणे तयार. मग तीच फीत हिंदीत, मराठीत, तामिळमध्ये, आणखी कितीतरी भाषांत. पद्मश्री मिळाली तोवर भाषांची संख्या १८ झाली होती आणि सगळ्या भाषा धरून फिती सहा हजारांच्या वर गेल्या होत्या. हे सगळे गुप्तांच्या संकेतस्थळावर फुकट. शिवाय मराठी, हिंदी, इंग्रजीतली हजारो पुस्तकेही तिथून कोणीही उतरवून घ्यावीत.

आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला इथे ठेच लागते. समजा, १९८०च्या सुमारास एखादा तरुण इंजिनिअर माझ्या टेबलासमोर येऊन बसला असता आणि म्हणाला असता, "साहेब, पक्की नोकरी सोडून काडेपेटीच्या काड्यांची खेळणी करणार आहे, ती सगळ्यांना फुकट शिकवणार आहे, भांडवल द्या." मी त्याला चहा पाजला असता आणि विचारले असते, तारण काय, उत्पन्न किती, परतफेड कशी? तिन्ही रकाने कोरे. प्रस्ताव परत गेला असता आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच ठरले असते. आमच्या खतावणीत दिलेली रक्कम 'येणे' म्हणून दिसते, ती वसूल व्हायला हवी. या माणसाने जे दिले ते घेणाऱ्याने तिसऱ्याला दिले, तिसऱ्याने चौथ्याला, आणि येण्याची नोंद कोणीच ठेवली नाही. आमच्या घरात त्याचा हप्ता दोन सेफ्टी पिनांच्या रूपाने पोचला, तो कुठल्या खात्यावर मांडायचा?

फुकट शिकवणारे आज पुष्कळ आहेत. मोबाइलवर विज्ञान सांगणारी कितीतरी हुशार माणसे आहेत, आणि त्यांचे ऐकून खेड्यातली मुले परीक्षा पास होतात, हेही मोठेच काम. पण त्यांतल्या बहुतेक फिती संपल्या की पुढची फीत सुरू होते आणि पोर तिथेच बसलेले राहते. गुप्तांची फीत संपली की पोराला उठावे लागते. पिना, ट्यूब, तार घरात शोधावी लागते. नुसते बघून यातले काही हाती लागत नाही.

ही रीत तशी जुनीच. लंडनमध्ये एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला मायकेल फॅरडे नावाचा गरीब घरचा मुलगा पुढे मोठा शास्त्रज्ञ झाला. १८२१ मध्ये त्याने वाटीभर पाऱ्यात तार सोडून ती चुंबकाभोवती फिरवून दाखवली. आमच्या विहिरींवरच्या सगळ्या मोटारींचा तो पणजोबा. हाच फॅरडे नाताळात मुलांसाठी व्याख्याने देई, आणि एका साध्या मेणबत्तीवर त्याने १८६० च्या नाताळात सहा व्याख्याने दिली. मेणबत्ती घरोघरी असते. मूल घरी जाऊन ती पेटवणार आणि स्वतः बघणार, हे त्याला ठाऊक होते.

एवढे वाचून सगळे सोपे झाले असे वाटेल. तसे ते नाही. होशंगाबादचा तो कार्यक्रम तीस वर्षे चालला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. हाताने करून शिकायला वेळ लागतो, वर्गात गोंधळ होतो, वस्तू तुटतात आणि मार्कांचा हिशेब जुळत नाही. शाळेला हे जड जाते. पण नुसते शाळेला कशाला नावे ठेवू? घराला तरी कुठे सोसते?

१९९५ची गोष्ट. मला दुसऱ्या दिवशी पहाटेची एस.टी. पकडून एका शाखेच्या तपासणीला जायचे होते. रात्री गजर लावायला घड्याळ घेतो तर ते जागेवर नाही. सासऱ्यांनी लग्नात दिलेले गजराचे घड्याळ. माझा मुलगा, तेव्हा नऊ वर्षांचा, माडीवर वर्तमानपत्र पसरून बसला होता आणि त्यावर घड्याळाची चाके एका ओळीत मांडलेली होती. स्प्रिंग सुटून कोपऱ्यात पडली होती. मला बघून तो घाबरला नाही. उलट उत्साहाने म्हणाला, "अण्णा, हे चाक एकदा फिरलं की हे किती वेळा फिरतं बघा..."

मी त्याचे वाक्य पुरे होऊ दिले नाही. दोन थोबाडीत दिल्या. "परत कशाला हात लावलास तर याद राख," असे म्हणालो. आणि त्याने ते ऐकले. त्यानंतर त्याने घरातली एकही वस्तू उघडली नाही. आज्ञाधारक, शांत मुलगा म्हणून नातेवाइकांत त्याचे कौतुक होई आणि मीही ते ऐकून घेई. इंजिनिअर झाला, पुण्यात चांगल्या नोकरीत आहे. पण आमच्यात बोलणे म्हणजे तब्येत, पाऊस आणि उसाचा दर. त्याच्यापलीकडे आम्ही गेलो नाही.

खेळणे मोडणे हीच मुलाने खेळण्याची करण्याजोगी सर्वांत चांगली गोष्ट, अशा अर्थाचे गुप्ता एका व्याख्यानात म्हणाले आहेत. २०१० मधले ते व्याख्यान जगभर बघितले गेले. मी ते वाक्य ऐकले आणि व्याख्यान थांबवले. पुढचे ऐकायला मला दोन दिवस लागले.

इकडे नातवाची मोटार अडली होती. तांब्याच्या तारेसाठी मी त्याला आमच्या चौकातल्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात नेले. कृष्णाकाठी पाणी उपसणाऱ्या मोटारी जळायच्या थांबत नाहीत, त्यामुळे ही दुकाने आमच्याकडे किराण्याच्या दुकानाइतकी. दुकानदाराने हातभर तार तोडून दिली, पैसे घेतले नाहीत. "बाळ, ही तार उघडी दिसती, पर तिच्यावर एनॅमलचा थर असतोय. टोकं खरवडल्याबिगर करंट न्हाई जायाचा," एवढे मात्र बजावले.

नातवाने तारेचे वेटोळे केले, दोन्ही टोके ब्लेडने स्वच्छ खरवडली (ब्लेड मी धरले). ट्यूबच्या पट्ट्याने सेलच्या दोन्ही तोंडांना पिना बांधल्या, सेलवर चुंबक ठेवले, पिनांच्या भोकांत वेटोळे टांगले. वेटोळे दचकले, अर्धवट वळले आणि परत मागे आले. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. नुसतेच झुलत राहिले. दोन दिवस हेच. सेल बदलला, चुंबक बदलले. "आबा, मी चुकतोय कुठे?" असे तो मला विचारी आणि मला काही सांगता येत नसे.

रविवारी मुलगा त्याला न्यायला आला. जेवणे झाली. टेबलावरचे ते झुलणारे वेटोळे बघून तो खुर्ची ओढून बसला. बराच वेळ बघत राहिला. मग मुलाला म्हणाला, "दोन्ही टोकं पूर्ण खरवडलीस का? इथंच चुकलं. एका टोकाची एक बाजू तशीच ठेवायची."

"का?"

"अर्ध्या फेरीत चुंबक वेटोळ्याला पुढं ढकलतं, उरलेल्या अर्ध्या फेरीत मागं खेचतं. त्या वेळी करंट बंद पाहिजे. एनॅमल राहिलं की तो बंद होतो, आणि आधीच्या धक्क्यावर वेटोळं पुढं निघून जातं."

नवी तार घेतली. एक टोक पूर्ण खरवडले, दुसऱ्याची एक बाजू राखली. बोटाने हलकेच टिचकी मारली. वेटोळे फिरायला लागले ते इतके जोरात, की तार दिसेना, नुसती तांबूस झाक दिसू लागली. नातू ओरडतच आजीला बोलवायला पळाला.

"तुला रे हे कसं माहीत?" मी मुलाला विचारले.

"कॉलेजला शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा नेटकॅफेत या गुप्तांच्या साइटवर फोटो बघितले होते. हॉस्टेलवर केली होती मी अशी मोटार. लय केलं असलं काय काय. काड्यांचं, स्ट्रॉच्या पिपाणीचं."

"कधी बोलला नाहीस."

तो मोटारीकडेच बघत होता. "तुम्ही कधी विचारलं न्हाई, अण्णा."

त्यात राग नव्हता. पाऊस पडला का, या सुरात तो ते बोलला. म्हणजे त्या दोन थोबाडीत दिल्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी, माझ्यापासून दूर, हॉस्टेलच्या खोलीत माझ्या मुलाने पुन्हा वस्तूंना हात लावला होता. कधीही न भेटलेल्या एका माणसाने त्याला ती परवानगी दिली होती. ती देणे माझे काम होते.

"त्या घड्याळात," मी म्हणालो, "ते एक चाक फिरलं की दुसरं किती वेळा फिरायचं रे?"

त्याने माझ्याकडे पाहिले. क्षणभर त्याला संदर्भ लागला नसावा, असे मला वाटले. मग तो म्हणाला, "ते मोजायचंच राहिलं, अण्णा."

नातू आजीला हाताला धरून घेऊन आला. तोवर सेल गरम झाला होता आणि मोटार मंदावली होती. "थांब, दुसरा सेल घालू," म्हणून मुलगा उठला. मी आत गेलो. भिंतीवरचे घड्याळ बरीच वर्षे बंद आहे, ते काढले, फडक्याने पुसले. मग टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि स्क्रू ड्रायव्हर त्या दोघांच्या मध्ये ठेवला.